काचेची वरई

"रामदास, तुझी काचेची वरई संपत आली बरं का," आई फोनवर ओरडून म्हणाली, आणि त्या एका वाक्यानं माझी संशोधनाची साडेपाच वर्षं खाली बसली. रविवार होता, सकाळचे अकरा. गुरुवारच्या भाषणासाठी मी शर्टाला इस्त्री करत होतो. आई फोन करते तो कुणी गेलं तरच, म्हणून आधी मी "कोण गेलं?" असंच विचारलं. कुणी गेलं नव्हतं. ती जुन्नरच्या बाजाराला आली होती आणि बाजारातल्या फोनवरून बोलत होती. मागून कुणीतरी मेथीचा भाव ओरडत होतं. "दोन दुकानं पालथी घातली. मन्यारवाल्याकडं मनी हायेत, पन समदं भोकाचं. बिनभोकाचं कुनी ठेवीत न्हाई म्हनतो. तूच पुन्याहून आन." मी म्हणालो, "तुला कशाला हवेत?" "मला कशाला? तुझ्या नळीत घालाया. शुक्करवारी बघितलं तं बाटलीत निस्ती दोन झाकनं उरल्याली. काल तू आलास तवा सांगायचं इसरलेच." मी काहीतरी विचारणार तेवढ्यात तिनं "मीटर लई पळतोय" म्हणून फोन ठेवून दिला. नळीत घालायला! मी रिसीव्हर हातात धरून उभा राहिलो. इतका राग मला कधी आला नव्हता, आणि वाईट म्हणजे तो कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं.

ही नळी काय, हे सांगायला हवं. माणसं विचारतात तेव्हा मी सांगतो आणि ती दुसऱ्या वाक्याला घड्याळाकडे बघायला लागतात, म्हणून थोडक्यात सांगतो. वरईच्या दाण्याएवढे काचेचे मणी एका उभ्या नळीत भरायचे. नळी स्पीकरच्या पडद्यावर बसवायची. मिनिटाला एक ठोका द्यायचा. प्रत्येक ठोक्याला मणी जरा हलतात, जरा बसतात. आता आतले मणी हलले की नाही हे डोळ्याला दिसत नाही, म्हणून नळीवर लेसरचा लाल किरण सोडायचा. तो मण्यांमध्ये शिरतो, या मण्यावरून त्या मण्यावर आपटत, वाट चुकत दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतो आणि तिथं लाल-काळ्या ठिपक्यांची एक नक्षी उमटते. आत एक मणी केसाएवढा सरकला तरी नक्षी बदलते. ठोक्याआधीची नक्षी ठोक्यानंतर किती शिल्लक राहिली, हे कॉम्प्युटर दर मिनिटाला लिहून ठेवतो. नक्षी पुसली गेली तर मणी मोकळे. टिकली तर मणी घट्ट. बस, एवढंच. हे पुण्यात करता येईना, कारण आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीखालून दिवसभर ट्रक जातात आणि एकेका ट्रकला नक्षी उकळी फुटल्यासारखी हलते. शीलामॅडम, म्हणजे माझ्या गाईड, एकदा वैतागून म्हणाल्या, "तुमच्या घाटघरला ट्रक जातात का हो?" मी म्हणालो, एसटी जाते, दिवसातून दोनदा, मनात आलं तर. झालं. गेल्या डिसेंबरात सगळं बिऱ्हाड आमच्या घरातल्या धान्याच्या कणगीच्या खोलीत गेलं. त्या खोलीला खिडकी नाही आणि जमीन म्हणजे थेट कातळ. त्याच्यासारखं टेबल परदेशातसुद्धा मिळणार नाही, असं मॅडम म्हणाल्या होत्या. लाइट जाते म्हणून ट्रकच्या दोन बॅटऱ्या ठेवल्या. मी दर शनिवारी जायचो, कॉम्प्युटरमधल्या नोंदी घ्यायचो आणि नळीवर चिकटवलेल्या पट्टीवर मण्यांची उंची वाचायचो. उंची तेवढी मी वाचायचो. बाकी सगळं यंत्र वाचायचं.

आणि इथंच चमत्कार झाला होता. लेसरचा प्रकाश सांगत होता की मणी आठवड्यागणिक घट्ट होत चाललेत, नक्षी जास्त जास्त टिकतेय. पण उंची? उंची तसूभर उतरत नव्हती. अकरा शनिवार, अकरा वेळा तीच रेघ. जगात सगळ्यांचे मणी ठोक्यानं खाली बसतात. आमचे घट्ट होत होते, पण बसत नव्हते. मॅडमनी तो आलेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिला. शोधनिबंध छापायला गेला होता. गुरुवारी मुंबईहून आणि बंगळूरहून दोन मोठी माणसं खास ती सरळ रेघ बघायला येणार होती. त्यांनी मान हलवली की प्रबंध मार्गी, आणि प्रबंध मार्गी लागला की कॉलेजातली कायमची जागा; सहा वर्षं मी तिथं तासावर शिकवतो आणि दर मे महिन्यात मला नारळ मिळतो. एप्रिलमध्ये मुलाखत होती. आणि आता आई म्हणत होती की दोन झाकणं उरली आहेत.

नूतनला, बायकोला, सांगितलं तर ती आधी हसली. मग माझा चेहरा बघून हसायची थांबली. "किती घालत होत्या?" "मला काय माहीत किती!" "अहो, ओरडता काय? मी घातलेत का?" हेही बरोबर होतं. मग ती चहाचं आधण ठेवता ठेवता अगदी सहज म्हणाली, "आईंना सांगा, आता घालू नका म्हणून. आणि झालं. कुणाला कळणारे?" कुणाला कळणार नव्हतं, हेच तर दुखत होतं. दुपारी मी मॅडमना फोन केला, सांगायचं म्हणूनच केला, पण त्याच आधी म्हणाल्या, "रामदास, ती सरळ रेघ पहिल्याच पारदर्शिकेवर टाका. पाहुण्यांना आधी झोपेतून उठवायचं." मी "हो मॅडम" म्हणालो. फोन ठेवल्यावर स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

सोमवारी सकाळी शिवाजीनगरहून जुन्नरची गाडी धरली. खिडकीची काच खडखडत होती, सीटखालचा पत्रा खडखडत होता, आणि मी मनातल्या मनात त्या खडखडाटाचे आकडे काढत होतो. साडेपाच वर्षांत ही खोड लागली आहे, बायको म्हणते झोपेतही करता. शुक्रवार. 'शुक्करवारी बघितलं,' आई म्हणाली होती. राजगुरुनगर गेल्यावर मला ते आठवलं आणि मी बसल्या जागी कपाळावर हात मारून घेतला. दर शुक्रवारी, सकाळी नवाच्या सुमाराला, नोंदींमध्ये एक मोठा धक्का यायचा. एकाएकी सगळी नक्षी पुसली जायची आणि मग तासाभरात पुन्हा जमायची. अकरा शुक्रवार, अकरा धक्के. मी काय केलं? ते कापून टाकले. टीप लिहिली: 'गावातील बाह्य हालचालीमुळे येणारा नियमित व्यत्यय.' बाह्य! प्रकाश दर आठवड्याला मला ओरडून सांगत होता की रामदास, तुझी आई वरून मणी ओततेय, आणि मी त्याच्या तोंडावर हात ठेवत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसला प्रकार. नळी एकदा, फक्त एकदा, तराजूत ठेवली असती तरी वजन वाढलेलं दिसलं असतं. पण नळी हलवली तर मणी हलतील म्हणून मी तिला हात लावला नव्हता. माझ्या शिस्तीनंच माझा घात केला.

मंचरच्या स्टँडवर शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. अवसरी बुद्रुकचे, हौशीराम नाव, हे त्यांनी न विचारताच सांगितलं. नारायणगावला लेकीकडं चालले होते. त्यांनी खिडकीतून शेंगदाण्याची पुडी घेतली, काठोकाठ भरलेली, आणि लेकीच्या पोरांसाठी म्हणून न खाता हातात उभी धरून ठेवली. कळंब ओलांडलं तेव्हा त्यांनी पुडीत डोकावून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "भरल्याली व्हती की राव पुडी! तुमच्यासमूर घेतली न्हवं?" मी म्हणालो, हो. "मंग आता बघा. बोटभर खाली गेली. एक दाना खाल्ला न्हाई म्या." मी म्हणालो, "गाडीच्या हादऱ्यानं बसले दाणे." "बसलं म्हंजी? गेलं कुटं?" "कुठं नाही. आतच आहेत. जवळ जवळ आले." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ते खाल्लेत. "शिकल्यालं दिसता," ते म्हणाले. पुढे नारायणगावपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि पुडीवर मात्र पंजा झाकून बसले. मला वाटलं, गुरुवारी यांनाच नेऊन पाहुण्यांसमोर उभं करावं. एका हौशीरामाला जे मंचरपासून कळंबपर्यंत दिसलं ते मला अकरा आठवड्यांत दिसलं नाही, कारण मला वेगळं काहीतरी दिसायला हवं होतं. खरं सांगायचं तर त्या सरळ रेघेबद्दल मला पहिल्या दिवसापासून धाकधूक होती. इतकं सरळ काही नसतं. पण नव्या नवरीच्या माहेरची चौकशी कोण करतो?

जुन्नरला दोन तास घाटघरच्या गाडीची वाट पाहण्यात गेले. गाडी माणिकडोह धरणाच्या पाण्याकडेनं चढायला लागली तेव्हा मला माझे वडील आठवायला लागले. नको तेव्हा आठवणं ही त्यांची हयातीतलीच सवय. सावळेराम मापारी. शेत एवढंसं, पण आसपासच्या वाड्यांत कुणाचंही खळं झालं की धान्य मापायला त्यांना बोलावणं यायचं, कारण त्यांचा हात सारखा होता. पायली भरायची, वर शीग चढू द्यायची, दाणे आपोआप घरंगळले की थांबायचं. पहिल्या मापाला ते एक म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन. त्या वेळी खळ्यात कुणी बोलायचं नाही. जुन्नरहून येणारे व्यापारी स्वतः मापायला बसले की पायलीला बोलता बोलता गुडघ्यानं टप् करून ठोका देत. दिसतही नसे. एका ठोक्याला मूठभर दाणे जास्त मावतात. एकदा मी आठ-नऊ वर्षांचा असताना वडिलांनी असल्या एका व्यापाऱ्याचा गुडघा सगळ्यांदेखत हातानं धरून ठेवला होता. "शेट, माप ठोकायचं न्हाई. ठोकलं तं उणं झाल्यालं वरून भरून द्यायचं." व्यापारी हसला, गुडघा सोडवून घ्यायला लागला, पण वडील काही सोडायला तयार नव्हते. मी पुढे फिजिक्सला गेलो, ठोक्यांवर संशोधन करायला लागलो, तेव्हा ते जाऊन चार वर्षं झाली होती. असते तर मी काय सांगितलं असतं? की बाबा, मी मिनिटाला एक याप्रमाणे माप ठोकतो आणि त्याची मला पदवी मिळणार आहे?

घरी पोचलो तेव्हा उन्हं जीवधन किल्ल्याच्या मागे कलली होती. आई अंगणात नाचणी पाखडत होती. मला सोमवारी बघून तिचं सूप हातातच राहिलं. "आरं, आज कसा? आनली का पिशवी?" मी चपला न काढताच खोलीत शिरलो. नळी होती तशी, लाल किरण होता तसा. ठोका पडला. मणी रेघेच्या किंचित खाली होते, नखाएवढे. शेजारी फळीवर कॉफीची बाटली, उरलेले मणी मी तिच्यात ठेवले होते आणि पुन्हा ढुंकून बघितलं नव्हतं. तळाला बोटभर उरले होते. बाटलीवर आईच्या चुन्याच्या डबीचं झाकण उपडं घातलेलं. मी बाहेर आलो आणि ओरडलो. काय काय ओरडलो ते लिहीत नाही. साडेपाच वर्षं म्हणालो, सत्यानाश म्हणालो, कुणी सांगितलं होतं तुला म्हणालो. शेजारची सरूबाई तिच्या दारात येऊन उभी राहिली. आई सूप खाली ठेवून ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "पानी देऊ?"

"आई, का घातलेस?"

"का म्हंजी? तुझं ते यंतर दर मिन्टाला माप ठोकतंय. रातंदिस ठोकतंय. माप उतरतंय, मला दिसतंय की. तुझ्या बानं जल्मात माप ठोकलं न्हाई, आन त्याच्याच घरात, कनगीपाशी…" तिनं खोलीकडं हात केला. मग म्हणाली, "तू म्हनला व्हतास नळीला हात लावू नगो. म्या न्हाई लावला. निस्तं वरून भरलं. रेघेपातूर. शुक्करवारी आंगुळ करून, दिवा लावून भरायची."

"मला सांगायचंस तरी!"

"त्यात काय सांगायचं? उणं झालं तं भरायचं. आन शनवारी तू यायचास आन रेघ बघून येवढा खूस व्हायचास. मला वाटलं, तुला ठावं हाय."

मला ठावं हाय! मी ओट्यावर बसलो. हिच्यावर आता काय चिडणार? पण चीड कुठं जात नव्हती. ती सुपातल्या कोंड्यासारखी वरच्या वर उडत होती आणि पुन्हा सुपातच पडत होती. वा, असं असतं होय शास्त्र! जगभरात लोक खोल्या सील करतात, यंत्रांवर यंत्रं बसवतात, आणि माझ्या प्रयोगात दर शुक्रवारी दिवा लावून धर्म घडत होता. थोड्या वेळानं, अजून रागातच, पण आवाज उतरवून मी विचारलं, "किती झाकणं घातलीस एकूण, काही अंदाज?" ती म्हणाली, "अंदाज कशाला? मोजून घातली," आणि मला परत खोलीत घेऊन गेली. कणगीच्या मागच्या भिंतीवर, जिथं वडील दर साली पायल्यांच्या खुणा करायचे, तिथंच खाली चुन्याच्या बोटांचे ठिपके होते. शुक्रवारची एक ओळ, अशा ओळी. मी टॉर्च धरून मोजायला लागलो. पहिल्या ओळीत सोळा. दुसरीत सात. मग पाच, चार, तीन, तीन, दोन, दोन, दोन, एक आणि शेवटचा अर्धा, म्हणजे नुसताच बोटाच्या टोकाएवढा डाग. "त्या खेपंला आर्दंच झाकन मावलं," आई म्हणाली.

मी तिथंच खाली बसलो. कागद नव्हता म्हणून एसटीच्या तिकिटामागे आकडे लिहिले, पण लिहायचीही गरज नव्हती. आधी भरभर, मग सावकाश, मग आणखी सावकाश, ही रेघ कशी वाकते ते मला पाठ आहे. जगातल्या सगळ्यांच्या मण्यांची अशीच वाकते. प्रकाश जे सांगत होता त्याला ती तंतोतंत जुळत होती. म्हणजे माझं यंत्र बरोबर होतं, आईचा हात बरोबर होता, कातळ बरोबर होता. खोटी होती ती फक्त माझी सरळ रेघ. भिंतीवरचं खरं मांडलं तर बरं, नेटकं, कुणालाही न जागवणारं काम उरत होतं. पाहुणे झोपेतून उठणार नव्हते, मॅडम चष्मा पुसणार नव्हत्या, गेलेला निबंध मागे घ्यावा लागणार होता, आणि एप्रिलमध्ये मुलाखतीला माझ्या हातात काय असणार होतं ते देव जाणे. आणि भिंत शेणानं सारवली तर? दहा मिनिटांचं काम. आईला सांगितलं तर तीच सारवेल, कशाला म्हणून विचारणारही नाही. हा विचार मला आला. आलाच नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. मी त्या विचाराशी पाचेक ठोके बसून होतो. मिनिटाला एक, म्हणजे पाच मिनिटं. आणि मला त्या व्यापाऱ्याचा गुडघा आठवला, आणि तो आता माझाच होता.

आईनं तोवर बाटली उचलली होती, झाकण हातात घेतलं होतं. "शुक्करवार न्हाई, पन उतरलंय. भरू का?"

"नको," मी म्हणालो. "आता नाही भरायचं."

"असंच उणं ठेवायचं?" तिचा चेहरा इतका कसनुसा झाला की मला परत राग आला. त्या एवढ्याशा नळीसाठी! नखभर मण्यांसाठी! मी म्हणालो, "आई, या मापाचं उणं कुणाचं आहे ठाऊक आहे? माझ्या मॅडमचं. आणि ते दोघं लांबून येताहेत त्यांचं. त्यांना मी सांगून बसलोय की माझं माप उतरतच नाही. मी देतो भरून. गुरुवारी."

तिला किती कळलं कोण जाणे. मग तिनं झाकण बाटलीवर उपडं ठेवलं आणि म्हणाली, "मंग शीग लावून दे बाबा. काठावर नगो."

शीग लावून! बाईला सगळंच पुरेपूर हवं. म्हणजे नुसती सरळ रेघ काढून भागणार नव्हतं, मी कापून टाकलेले शुक्रवारही परत लावायला हवे होते, आणि ती बाह्य व्यत्ययाची टीप, आणि कुणी व्यत्यय आणला तिचं नाव. वैतागानं मी कॉम्प्युटरसमोर मांडी घालून बसलो. नोंदींची यादी उघडायला नेहमीसारखे सहा ठोके लागले. मूळ नोंदी सापडल्या. पहिला शुक्रवार सापडला, सकाळी नऊ वाजून चार मिनिटं, नक्षी पार पुसलेली, सोळा झाकणं. तो उचलून मी त्याच्या जागी ठेवला. मागे आई उंबऱ्यात उभी होती, काही बोलत नव्हती. खळ्यात बोलायचं नसतं. दुसरा शुक्रवार शोधायच्या आधी झाले किती ते ध्यानात राहावं म्हणून मी मोजायला तोंड उघडलं, आणि माझ्याही नकळत, चिडक्या आवाजात, तोंडून गेलं:

"लाभ."